साळूच्या दाराची कडी

ऐका सटवाई माते, तुमची कहाणी. नदीच्या काठी एक नगर होतं. तिथं बाळशेट कासार राही. त्याची बायको येसू, त्यांची एकुलती लेक साळू. वेशीबाहेर कुंभारांची घरं होती. त्यांतल्या लखूवर साळूचं मन जडलं, त्याचंही तिच्यावर जडलं. लखूनं बापाला मागणी घालायला पाठवलं. बाळशेट म्हणाला, "चिखल तुडवणाऱ्याच्या घरी माझी लेक?" म्हाताऱ्याला ओट्यावरून हाकललं. मग साळूला विचारलं, "नाद सोडतेस का?" "नाही सोडत." मग तिला भांड्यांच्या कोठडीत घातलं, बाहेरून कडी लावली. "सोडला म्हणेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही."

वैशाखाचं ऊन. पहिल्या दिवशी साळूनं हाक मारली, "आई, पाणी दे गं." येसू म्हणाली, "तुझ्या बाबांना विचारते." विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी हाक मारली, "आई, कडी काढ गं." येसू म्हणाली, "उद्या त्यांचा राग उतरेल." उतरला नाही. तिसऱ्या दिवशी साळू म्हणाली, "आई, आहेस का गं तिथं?" येसू दाराशीच होती. तोंडात पदर कोंबून बसली. मग हाकच आली नाही.

दार उघडलं, तर लेक मरून पडलेली. लखूला कळलं. तो डोहात उतरला, तो वर आला नाही. नगर हळहळलं. बाळशेट म्हणाला, "सटवाईनं लिहिलं ते झालं." भटजी तेच म्हणाले. शेजारणी तेच म्हणाल्या. मग सगळे घरी जाऊन जेवले.

येसू जेवली नाही. उठली, सटवाईच्या देवळात गेली, देवीचा शेंदूर नखांनी खरवडला. "सटवे, माझ्या लेकीच्या कपाळी हे लिहिलंस?"

तशी देवी कडाडली. "मी काय लिहिलं ते ऐक! तिच्या जन्माच्या सहाव्या दिवशी आले, कुंभाराच्या लेकाशी गाठ लिहिली. नातवंडं लिहिली, पिकले केस लिहिले. कडी मी लिहिली नाही. कडी आतून होती का बाहेरून?"

"बाहेरून."

"लावली कुणी?"

"यांनी."

"काढायला तुझा हात पोचत होता का?"

"पोचत होता."

"मग माझ्या नावावर काय खपवता? मारता तुम्ही, आणि नाव माझं घेता!"

येसू ढसढसा रडली. "आई, मला वसा सांग."

"चावडीवर जा, केलं ते आपल्या तोंडानं सांग. दर षष्ठीला सांग. कुणी नशीब म्हणालं तर विचार, कुणाच्या हातानं? आणि कुणाचीही लेक हाक मारील, तिथं उठून जा."

"मग माझी साळू येईल?"

"नाही येणार."

तरी येसूनं वसा घेतला. चावडीवर उभी राहिली. "साळूला आम्ही मारलं. यांनी कोंडलं, मी बसून ऐकलं." पहिल्या षष्ठीला लोक हसले. दुसऱ्या षष्ठीला बाळशेटनं तिला घराबाहेर काढलं. तिसऱ्या षष्ठीला तेलीण धावत आली. "येसूबाई, मन जडलं म्हणून माझी गोदा कोंडलीय हो!" येसू निघाली. मागून भटजींची बायको निघाली, शेजारणी निघाल्या. तेली आडवा आला. "माझ्या घरातलं आहे हे. तिचं नशीब ती भोगील."

येसू म्हणाली, "नशीब कुठलं? तूच उभा आहेस. हो बाजूला!"

बायकांनी दार उघडलं. गोदा बाहेर आली, घटाघटा पाणी प्याली, आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, आपल्या माणसाच्या घरी चालत गेली.

सटवाई माते, गोदेला पावलीस, तशी घरोघरच्या लेकींना पाव. साळूला आम्ही पावलो नाही, ते आम्हांला विसरू देऊ नकोस. मोठ्या दुःखाची ही कहाणी थोड्या बोलांत सांगितली, सांगणारीला फळो, ऐकणारीला फळो.