ताठ उभी राहणारी मोटार

फार जुनी गोष्ट आहे. गॅरेज मिरजेच्या बाबालाल मिस्त्रींचं होतं. तिथे एक उंची मोटार विक्रीला होती. कुणी घेतलं नाही तर भंगारात जाऊ, ही तिला धास्ती. तिला चाकांवर तोलून धरणाऱ्या सस्पेन्शनमधली हवा गळे आणि ती खाली बसे. गिऱ्हाईक दिसलं की आतला पंप चालवून, हवा भरून ती ताठ उभी राही.

"बाईसाहेब, मिस्त्रींना सांगा की," शेजारचा टेम्पो म्हणाला.

"सांगितलं तर किंमत उतरेल."

"ती तुम्ही उभ्या असतानाही उतरतेय. बसलात तर निदान पाय तरी दुखणार नाहीत."

महिन्याभरात पंप जळाला. मोटार बसली ती उठलीच नाही. शेवटी भंगारवाला घेऊन गेला.

कित्येक वर्षांनी मी मिस्त्रींना गळतीचं कारण विचारलं. हवा गळत होती ती अंगठीएवढ्या, सहज बदलता येणाऱ्या एका रबरी रिंगमधून.