डागाभोवतीचा चुना

“त्या डागाला हात लावायचा नाही. का, ते विचारायचं नाही. बाकी चारी भिंती कर, तेवढं सोडून.”

“पण का, अण्णा?”

“विचारायचं नाही म्हटल्यावर पहिलं तेच विचारलंस.”

बसगोंडा अण्णा दारातच उभे होते. आत पाय ठेवायला जागा नव्हती. खोलीभर जुन्या चुन्याचे पोपडे पडले होते आणि त्यांच्या मधोमध, खरवडायचा पत्रा हातात घेऊन, गिरिजा उभी होती. केसांपासून पायांपर्यंत पांढरी.

ही आक्कांची बाहेरची खोली. पूर्वी इथं आप्पा बसायचे. गडहिंग्लज आणि आसपासच्या गावांतली माणसं आपापली दुखणी, आपापले प्रश्न घेऊन त्यांच्यासमोर येत. आप्पा गेल्यावर त्यांच्या शिष्या आक्का त्याच जागी बसू लागल्या, आणि माणसं येत राहिली.

आप्पांना भिंतीला डोकं टेकून ऐकायची सवय. डोक्याला तेल भरपूर. होता होता भिंतीवर तेलाचा तपकिरी डाग पडला, ताटलीएवढा. आप्पा गेले, डाग राहिला. लोक त्याला बोटं लावून कपाळाला लावू लागले. दर दसऱ्याला खोलीला चुना लागे, पण डागाच्या भोवतीनं. थरावर थर चढले. आता डाग भिंतीत बोटभर आत गेला होता.

आक्का त्याच भिंतीपुढं बसत, पण हातभर पुढं सरकून. आपलं डोकं डागाला लागू नये म्हणून.

“आक्कांची बैठक बघा,” अण्णा नव्या माणसाला कौतुकानं सांगायचे. “इतकी वर्षं झाली, पाठ कशाला टेकलेली नाही. याला म्हणायचं साधना.”

गिरिजाही तेच शिकली होती. शाळेत असल्यापासून इथं यायची, पाठ ताठ करून बसायची, आणि टेकून बसणाऱ्यांची मनातल्या मनात कीव करायची. कोल्हापूरला कॉलेजात गेली तरी ती ऐट उतरली नव्हती. या सुट्टीत मात्र तिला दिसलं, की आक्का बोलता बोलता एक हात मागं जमिनीवर रोवतात. थोड्या वेळानं दुसरा. कुणी बघितलं की काढून घेतात.

त्याच दिवशी ती म्हणाली होती, खोली मी रंगवते.

तीन भिंती खरवडून झाल्या होत्या. खांदे भरून आले होते, घशात चुना बसला होता. उरली होती ती डागाची भिंत.

“अण्णा, हे तेल आहे. धुतलं नाही तर वर कुठलाही रंग लावा, आतून वर येणारच. सोड्याच्या पाण्यानं धुवायला हवं. मग खळगा पुट्टीनं भरायचा, घासायचा, प्रायमर मारायचा. भिंत सपाट झाली की आक्का टेकतील.”

“आक्का टेकत नाहीत.”

“टेकायला जागा कुठं ठेवलीत तुम्ही?”

आवाज ऐकून शेजारचे शिवलिंग तात्या येऊन अण्णांच्या मागं उभे राहिले. तेही आप्पांचे जुने शिष्य.

“काय म्हणते ही?”

“आप्पांना पुट्टी भरते म्हणते.”

तात्यांनी डागाकडं बघून हात जोडले. “कॉलेजात हेच शिकवतात काय गं?”

“कॉलेजात टेकून बसायला बाक असतो, तात्या.”

आतून पावलं वाजली. चौकटीला धरून आक्का बाहेर आल्या. गिरिजानं पायानंच पोपडे बाजूला लोटले, पोतं अंथरलं. आक्का बसल्या. भिंतीपासून हातभर पुढं.

“आक्का, तुम्हीच सांगा हिला,” अण्णा म्हणाले.

आक्कांना एवढं चालून आल्याचा दम लागला होता...

गिरिजाला धीर निघेना. “आप्पा टेकायचे ना, आक्का?”

“टेकायचे.”

“म्हणून डाग पडला.”

“हो.”

“आणि डाग पडला म्हणून तुम्ही टेकायचं नाही.”

“हुशार आहेस.” त्यात कौतुक नव्हतं. दिवसभर तेच तेच ऐकून थकलेल्या माणसाचा आवाज होता.

“तुमची पाठ दुखते.”

“दुखते.”

अण्णांनी दचकून बघितलं. “आक्का, कधी बोलला नाहीत ते...”

“तू साधना म्हणालास, बसगोंडा. त्यावर काय बोलायचं?”

अण्णांनी नजर खाली घातली. गिरिजाला जिंकल्यासारखं वाटलं. तिनं बादली पुढं ओढली.

“मग धुते मी.”

“थांब. धुतलीस. भरलीस. रंगवलीस. मग?”

“मग तुम्ही टेका.”

“टेकले. तेल माझ्याही डोक्याला असतं. मग?”

“मग... पडेल डाग. पडू दे की.”

“आणि मी गेले की?”

गिरिजाचा हात बादलीच्या कडीवरच राहिला.

“माझ्या डागाच्या भोवतीनं चुना कोण लावणार?” आक्कांनी विचारलं. “बसगोंडा? का तू?”

तात्यांचे डोळे आत्ताच भरून आले होते. “लावू की आक्का,” ते म्हणाले. “जपू. आप्पांचा होताच, शेजारी तुमचाही राहील.”

“ऐकलंस?” आक्का गिरिजाला म्हणाल्या.

खरवडलेल्या भिंतीवरून एक पोपडा सुटला आणि खाली पडून फुटला.

गिरिजा डागाकडं बघत होती. खालच्या कडेला तो जास्त काळा होता, बोटं लागून लागून. त्यात तिचीही बोटं होती. प्रत्येक परीक्षेच्या आधी येऊन ती बोट लावून जायची. बारावीला तर दोनदा. इतका वेळ ती अण्णांवर चिडली होती, तात्यांवर चिडली होती. आता कुणावर चिडावं ते कळेना.

ती खाली बसली. पाठ ताठ करायचं तिच्या ध्यानातही आलं नाही.

“धुऊन काय उपयोग मग?” ती हळूच म्हणाली.

“ते तू सांग. बादली तू भरलीस.”

अण्णांना बरं वाटलं. “मग ठरलं. तेवढं सोडून बाकीचं कर, पोरी. दसरा तोंडावर आलाय. भोवतीनं जरा जपून लाव म्हणजे झालं.”

“नाही.”

“काय नाही?”

“भोवतीनं नाही लावणार.” गिरिजाचा आवाज चढला नव्हता. चढवायचं बळही नव्हतं. “आप्पांच्याही नाही, आक्कांच्याही नाही. ही भिंत मी आज सगळी धुणार. आक्का टेकल्या आणि डाग पडला, तर दर दसऱ्याला तोही धुणार. त्या गेल्यावर शेवटचा जो असेल, तोसुद्धा मीच धुणार. तेव्हा रडत असेन, पण धुणार.”

“अगं, कुणासमोर काय बोलतेस,” तात्या म्हणाले. “जित्या माणसाला...”

“जित्या माणसाचीच पाठ दुखते, तात्या.”

अण्णा उंबऱ्याकडं बघू लागले. तात्या आक्कांकडं बघत राहिले, त्या हिला झापतील म्हणून. आक्का झापेनात. मग तेही उंबऱ्याकडं बघू लागले.

आक्कांनी दोन्ही हात मागं रोवले. या वेळी कुणी बघतंय म्हणून काढले नाहीत. हातांवर भार देत त्या मागं सरकल्या. थोड्या. आणखी थोड्या. पाठ भिंतीला लागली.

आप्पा उंच होते. आक्कांचं डोकं डागाच्या खालच्या कडेलाच पोचलं. तिथं ते टेकलं, आणि त्यांचे डोळे मिटले.

अण्णांचे हात जोडायला वर आले आणि तसेच खाली गेले.

बऱ्याच वेळानं आक्का डोळे न उघडताच म्हणाल्या,

“पाणी चांगलं कढत घे गं. तेल आता दोघांचं आहे.”