दवाखान्याच्या दोन केबल

"मग यात कमी काय आहे, तेवढं तरी सांगा ना सर!"

हेमांगी गावडेने लॅपटॉप मुजावर सरांच्या पुढ्यात सरकवला. डेटा सेंटरच्या त्या अवाढव्य हॉलमधली एकूण एक केबल तिने नकाशात बसवली होती. कुठून निघाली, कुठे पोचली, कोणाची, सगळं. आज तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

आणि का ठरावेत? दुपारी एका मोठ्या दवाखान्याचं काम इथून सुरू व्हायचं होतं. अतिदक्षता विभागातली यंत्रंसुद्धा. त्यासाठी दोन वेगळ्या केबल दिल्या होत्या, एक तुटली तर दुसरी चालू राहावी म्हणून. सरांची सही झाली की जोडणी, आणि हॉल हेमांगीच्या ताब्यात.

पण मुजावर सर मिरजेचे. केबल ओढण्यातच केस पांढरे झालेले. पेनाचं टोपण सहजासहजी काढतील तर शपथ.

"पुन्हा सांग बघू," ते म्हणाले.

"ही तांबडी रेघ, पूर्वेच्या गेटने बाहेर. ही हिरवी, पश्चिमेच्या. दोन्हींच्या दोन्ही टोकांना लेबल आहे. इकडून केबलच्या काचेच्या तारेत प्रकाश सोडला, तिकडे मीटरवर आला. शंभर टक्के, सर!"

"आणि मधलं?"

"मधलं काय?"

"दोन टोकांच्या मध्ये काय आहे गं?"

"केबल आहे की!" हेमांगीला हसू आवरेना. "मधली रेघ जुन्या नकाशातून घेतली. टोकं जुळल्यावर मध्ये काय बघायचं? सगळे असंच करतात, सर."





सर उठले आणि हॉलमधल्या दवाखान्याच्या रॅकपाशी जाऊन उभे राहिले.

"तू तांबडी धर. मी हिरवी धरतो. चल."

"कुठपर्यंत?"

"ती नेईल तिथपर्यंत. हात सोडायचा नाही."

म्हाताऱ्याला काय लहर आली, असं हेमांगीच्या मनात आलं. पण हट्टाला तीही कमी नव्हती. दोघं एकमेकांकडे पाठ करून निघाले. सर उजवीकडे, ती डावीकडे.

तिची केबल वरच्या जाळीवरून गेली आणि खांबाजवळ फरशीखाली उतरली. हेमांगी गुडघ्यावर बसली. रबरी वाटी चिकटवून तिने सुटी फरशी उचलली, मग पुढची, मग तिच्या पुढची. कोपरापर्यंत धूळ. आता केबल पूर्वेला वळणार...

वळली नाही.

सरळ गेली! नकाशात हे कुठेच नव्हतं. मजा म्हणजे तिला राग येत नव्हता, उलट कधी एकदा पुढची फरशी उचलते असं झालं होतं. केबल मागच्या खोलीत शिरली, जुन्या पंख्यांच्या खोक्यांमागून सरकली आणि भिंतीतल्या एका भोकाशी आली. हेमांगीने खोकं बाजूला ढकललं, हात पुढे घातला...

तिथे आधीच एक हात होता.

"सर! तुम्ही इथे कसे?"

"हिरवीच्या मागून आलो." त्यांनाही धाप लागली होती.

एकच भोक. त्यातून दोन्ही केबल खांद्याला खांदा लावून एकाच पाइपात शिरलेल्या. भिंतीच्या पलीकडे नव्या गटारासाठी जेसीबी खणत होता, त्याची धडधड हाताला कळत होती. हेमांगीने झटकन हात मागे घेतला.

"एका फटक्यात दोन्ही गेल्या असत्या... आणि दवाखाना..."

ती धावतच सुटली. गेटवर जाऊन ओरडून ओरडून जेसीबी थांबवला. दवाखान्याला फोन करून सांगितलं, आज जोडणी नाही, तुम्ही जुन्या लाइनवरच राहा. पलीकडचा माणूस चिडला, तिने मुकाट्याने ऐकून घेतलं.

परत आली तेव्हा केसांत कोळिष्टकं होती, चेहरा धुळीने माखला होता आणि डोळे नुसते चमकत होते.

"दुसरी केबल पश्चिमेने नवी ओढून घेते, सर! नकाशा पहिल्यापासून करते, प्रत्येक केबलच्या मागे जाऊन! पण मग... सही कधी कराल?"

मुजावर सरांनी भोकावरचा हात काढला आणि तळव्याची धूळ पँटला पुसली.

"दोघं असेच निघू," ते म्हणाले, "आणि ज्या दिवशी आपली गाठ पडणार नाही, त्या दिवशी."