गरुडाच्या पंखातला नंबर

एका बाजारगावात तुळशीराम पेंटरचं दुकान होतं. मोटारसायकलच्या नंबरप्लेट अजून पेंटर लोक हाताने रंगवायचे, तेव्हाची ही गोष्ट. तुळशीरामचा हात असा होता की बघतच राहावं! पण माणसाला एक गुण मिळाला की तो मिरवायचा मोह होतो, तसं त्याचं झालं होतं. साधा नंबर लिहायला सांगितलं की तो तोंड वाकडं करायचा.

तो नंबरप्लेटवर गरुड काढायचा. वाघ काढायचा. आकडे बिचारे गरुडाच्या पिसांत नाहीतर वाघाच्या मिशांत कुठेतरी दडवलेले असायचे. गिऱ्हाईक विचारायचं, "पेंटर, हे वाचता येईल का हो?" तुळशीराम छाती फुगवून म्हणायचा, "अहो, पोलिसाच्या बापाला वाचता येणार नाही!" आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. आता यात खूश होण्यासारखं काय होतं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

गिऱ्हाइकांची नावंही तो विचारत नसे. प्लेट वाळली की फोन करायचा, म्हणून मोबाइलमध्ये नंबर ठेवायचा, तोसुद्धा चित्राच्या नावाने. गरुड एक, गरुड दोन, वाघ एक. झालं!

त्या गावच्या चौकात शिंगाडे मॅडम नावाच्या पोलीस हवालदार होत्या. त्या येता-जाता दुकानदारांना नियम समजावून सांगायच्या. "पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं. ठरल्या मापाची आणि सरळ. पुढेही हवीत, मागेही हवीत. चित्र नको, नाव नको, नक्षी नको." त्या पुढे म्हणायच्या, "हे गरुड कोण काढतो ते मला एकदा कळू दे, साहेबांपुढेच उभा करते त्याला." तुळशीराम मान डोलवायचा आणि त्यांची पाठ फिरली की पुन्हा पिवळ्या रंगाचा डबा उघडायचा.

तुळशीरामची मुलगी वृंदा. गुणाची पोर! बारावी झाल्यावर तिचं नाव त्याच गावातल्या नर्सिंग कॉलेजच्या यादीत लागलं. कागदपत्रं तपासून घ्यायचा शेवटचा दिवस होता आणि पाच वाजता कॉलेजची खिडकी बंद होणार होती. मूळ कागद दाखवले नाहीत तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

त्यांचं राहतं घर चार कोसांवरच्या वाडीत होतं. तुळशीराम सकाळीच दुकानावर आला होता. वृंदा दुपारच्या एसटीने निघणार होती, आणि नेमकी त्याच दिवशी एसटी आली नाही. पोरगी फाट्यावर उभी राहून रडकुंडीला आली.

तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. पिकल्या केसांचे एक काका होते. ते म्हणाले, "कॉलेजला जायचंय का बाळ? बस मागे. ती फाईल वाऱ्याने उडेल, या पिशवीत टाक." गाडीच्या बाजूला कातडी पिशवी बांधलेली होती. वृंदाने फाईल तिच्यात ठेवली. वाऱ्यात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, त्यामुळे नाव-गाव विचारायचं राहून गेलं. काकांनी तिला कॉलेजच्या फाटकाशी उतरवलं. ती म्हणाली, "काका, तुमचे फार उपकार झाले!" काका हसले आणि निघाले.

वृंदा चार पावलं चालली आणि तिला आठवलं. फाईल गाडीवरच राहिली होती!

ती हाका मारत धावली. गाडी काही लांब गेली नव्हती, मागची नंबरप्लेट स्पष्ट दिसत होती. तिच्यावर पंख पसरलेला गरुड होता, पिवळ्या चोचीचा. आकडे कुठल्या पिसात होते, देव जाणे. वृंदाने तो गरुड लगेच ओळखला. लहानपणापासून ती तो बाबांच्या हाताखालून उतरताना बघत आली होती. गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

तिने फोन केला तसा तुळशीराम दुकान उघडं टाकून पळत आला. तीन वाजले होते. दोघं चौकात शिंगाडे मॅडमकडे गेले. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घाबरू नकोस गं पोरी. गाडीचा नंबर सांग. एक फोन लावते, मालकाचं नाव-पत्ता लगेच मिळेल."

वृंदा खाली मान घालून म्हणाली, "नंबर वाचता आला नाही मॅडम. गरुडाच्या पंखात लिहिला होता."

"तरी मी कंठशोष करत असते!" मॅडम कडाडल्या. "कुणी रंगवली ती पाटी? त्या शहाण्याला तरी आठवत असेल."

बापाचं नाव घ्यायला वृंदाची जीभ रेटेना. लेक आपल्याला सांभाळून घेते आहे, हे तुळशीरामला कळलं. गप्प राहिला असता तर तो सुटलाही असता. पण पोरीच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मीच तो शहाणा, मॅडम," तो म्हणाला. "मीच रंगवली. पण मलाही नंबर आठवत नाही. असे बारा गरुड काढलेत मी. साहेबांपुढे उद्या उभं करा, आज आधी माझ्या लेकीचे कागद शोधायला मदत करा."

मॅडम म्हणाल्या, "त्या बाराजणांचे फोन आहेत का?"

"आहेत."

"मग बघत काय बसलाय? लावा!"

तुळशीराम एकेकाला फोन लावू लागला. प्रत्येकाला तेच सांगायचं. मी रंगवलेला नंबर माझ्याच पोरीला वाचता आला नाही, चूक माझी आहे, आज तुम्ही एका मुलीला कॉलेजला सोडलं का, नाहीतर गरुडाची पाटी असलेले पिकल्या केसांचे कुणी काका माहीत आहेत का? ज्या हाताचा एवढा ताठा होता, त्याच हाताची चूक बारा वेळा सांगायची, हे काही सोपं नव्हतं.

गरुड एक तर खो-खो हसला. "काय पेंटर, पोलिसाच्या बापाला वाचता येणार नाही म्हणत होता ना!" पण हसून झाल्यावर तोच म्हणाला, "मी नव्हतो बुवा. अजून कुणाला विचारायचं असेल तर सांगा, मी येतो." चार नंबरचा चांगलाच तापला, तरी पोरीचं ऐकून निवळला. अकराजण म्हणाले, आम्ही नव्हे. राहिला गरुड सात. त्याचा फोन नुसता वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. चार वाजायला आले.

तेवढ्यात गरुड सहाचा स्वतःहून फोन आला. त्याचं नाव होतं दत्तू जानकर. तो म्हणाला, "पेंटर, मला आठवलं! माझ्यानंतर तुमच्या दुकानात पिकल्या केसांचे एक काका बसले होते बघा. बोडरेकाका, जनावरांना लस टोचतात. आमच्या शेजारच्या वस्तीवर आज लस द्यायला यायचे आहेत. कामात असले की ते फोन उचलत नाहीत. मी मळणी थांबवतो आणि जातो तिकडे."

"अहो, पण तुमची मळणी?" तुळशीराम म्हणाला.

"धान्य कुठे पळून जातंय? पोरीचं वर्ष जाईल!" असं म्हणून दत्तूने फोन ठेवला.

बाप-लेक फाटकाशी उभे राहिले, मॅडमही सोबत आल्या. साडेचार झाले. पावणेपाच झाले. वृंदा खिडकीकडे बघायची आणि तुळशीराम रस्त्याकडे. आणि मग वळणावरून दोन मोटारसायकली आल्या. दोन्हींच्या नंबरप्लेटवर दोन पिवळ्या चोची होत्या! मागच्या गाडीवर बोडरेकाका होते, फाईल पोटाशी धरून एका हाताने गाडी चालवत. "धाव पोरी, धाव!" ते लांबूनच ओरडले.

वृंदा धावली. पाच वाजायला चार मिनिटं असताना तिचे कागद खिडकीतून आत गेले. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्रवेशाची पावती होती आणि चेहरा हसावं की रडावं असा झाला होता. तिने बोडरेकाकांना वाकून नमस्कार केला, दत्तूला केला, शिंगाडे मॅडमना केला. मॅडम म्हणाल्या, "अगं पुरे, मी काय केलं?" पण त्यांनीही डोळे पुसले.

तुळशीरामने काकांपुढे हात जोडले. "काका, तुम्ही देवासारखे आलात. माझ्यामुळे तुम्हाला केवढा हेलपाटा पडला!"

बोडरेकाका हसून म्हणाले, "हेलपाट्याचं राहू द्या. मला गरुड नकोच होता पेंटर. मी साधा नंबर मागितला होता. तुम्हीच म्हणालात, काका, गरुड घ्या, शोभून दिसेल. आता असा नंबर लिहून द्या की कुणाला माझे आभार मानायचे असतील तर मी सापडलो पाहिजे!"

सगळे हसले. तुळशीराम मात्र हसला नाही. तो दुकानात गेला आणि पांढऱ्या-काळ्या रंगाचे डबे घेऊन आला. तिथेच, कॉलेजच्या भिंतीला टेकून, त्याने दोन्ही गाड्यांवरचे गरुड खरवडून काढले. मग माप धरून, सरळ रेघा मारून, पुढे आणि मागे साधे काळे आकडे लिहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एवढ्या मन लावून साधं काम केलं. उरलेल्या दहा गरुडवाल्यांना आणि वाघवाल्यांनाही त्याने बोलावून घेतलं. शिंगाडे मॅडमनी त्याला साहेबांपुढे उभं केलंच, पण सगळी हकीकतही स्वतःच सांगितली. साहेबांनी समज देऊन त्याला सोडलं.

त्या संध्याकाळी रंग वाळल्यावर बोडरेकाका निघाले. वृंदा फाटकाशी उभी होती. गाडी वळणापर्यंत गेली तरी प्रत्येक आकडा लख्ख दिसत होता. तिने कॉलेजसाठी आणलेली कोरी वही उघडली आणि पहिल्या पानावर, स्वतःच्या नावाच्याही आधी, तो नंबर लिहून ठेवला.

तात्पर्य: गाडीचा नंबर लोकांना वाचता यावा म्हणून असतो, तेव्हा तो नियमाने, साधा आणि स्वच्छ लिहावा. चूक झाली तर वेळीच कबूल करावी, म्हणजे माणसं मदतीला धावून येतात. आणि जे धावून आले, त्यांना कधी विसरू नये.