नम्र आणि निर्भीड

बारावीच्या ऋजुताला परराज्यातल्या विद्यापीठात शिकायला जायचं होतं आणि अर्जासोबत मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र लागणार होतं. पण खांडेपारकर सरांची अट मोठी विचित्र होती. विद्यार्थी नम्रही हवा आणि निर्भीडही! गप्प बसणाऱ्याला ते भित्रा म्हणत आणि बोलणाऱ्याला उद्धट, त्यामुळे त्यांचं पत्र काही कोणाला मिळत नसे.

सगळ्या शिक्षकांसमोर सर गरजले, "दाखव बघू, दोन्ही एकदम!"

ऋजुताची पंचाईत अशी, की मघापासून तिला हसू आवरत नव्हतं. ती पुढे झाली, सरांच्या पाया पडली आणि तशीच वाकून हळूच म्हणाली, "सर, क्षमा असावी, पण आपला केसांचा टोप सकाळपासून उलटा बसलाय."

सरांनी डोकं चाचपलं. कपाळावरची झुलपं मानेवर लोळत होती! ते शिक्षकांवर उखडले, "प्रार्थनेला मी असाच उभा होतो? तुम्ही कोणीच कसं बोलला नाहीत?"

"त्यांना रागवू नका, सर," ऋजुता म्हणाली. "ते नुसतेच नम्र आहेत."

सर आधी गालातल्या गालात, मग पोट धरधरून हसले आणि हसत हसतच त्यांनी पत्रावर सही ठोकली.