झेप्याचं नवं नाव

मुलं दर महिन्याला ज्याची वाट पाहायची, तो चित्रकथांमधला वीर म्हणजे झेप्या. त्याच्या चित्रकथा छापणाऱ्या पुण्याच्या प्रकाशन संस्थेत विश्वंभर रणनवरे हे नवे मालक आले आणि पहिल्याच बैठकीत म्हणाले, "झेप्या हे काय नाव झालं? गल्लीतला पोरगा वाटतो. यापुढे तो 'महाप्रतापी ब्रह्मांडरक्षक वज्रविक्रमसिंह'. ज्यांना पटत नसेल, त्यांनी दुसरी नोकरी बघावी."

झेप्याला जन्म देणाऱ्या चित्रकार हेमलता किणीकर शांतपणे म्हणाल्या, "चालेल, साहेब. नव्या नावाचं पहिलं पान उद्या आणते."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत त्यांनी पान पुढं ठेवलं. "तुम्हीच मोठ्यानं वाचा."

पहिल्या चौकटीत एक मुलगी धरणाच्या भिंतीवरून घसरली होती. मालक ऐटीत वाचू लागले, "वाचव रे, महाप्रतापी..." दुसऱ्या चौकटीत ती आणखी खाली, "ब्रह्मांडरक्षक..." तिसरीत पाय पाण्याला टेकलेले, "वज्रविक्रम..." चौथीत नुसते बुडबुडे होते.

"अहो, बुडाली की ती! हा आला का नाही?" मालक ओरडले.

"कसा येणार, साहेब? हाक कुठं पुरी झाली?" हेमलताबाई म्हणाल्या. "झेप्या म्हटलं असतं, तर पहिल्याच चौकटीत वाचली असती."

मालकांना हसू आवरेना. त्यांनी स्वतःच पेन घेऊन ते बुडबुडे खोडले. "बाई, आधी तिला बाहेर काढा," ते म्हणाले. "हाक कशी मारायची, ते तुम्हीच ठरवा."