दोन कोसांची सूट

एकदा एका संस्थानाने डोंगर फोडून नवा रस्ता बांधला आणि त्याचा खर्च निघावा म्हणून घाटाच्या पायथ्याशी नाका बसवला. रस्त्यावर आडवा बांबू, शेजारी चौकी, चौकीत नाकेदार. वाटसरूने कर द्यायचा, मग बांबू वर जायचा. संस्थानिक न्यायी होते, निदान कागदावर तरी. ज्याच्याकडून कर घेतला त्याला वाट नीट मिळाली पाहिजे आणि पुढचे गाव किती लांब आहे हे कळले पाहिजे, असा त्यांनी हुकूम काढला. म्हणून राजधानीपासून घाटमाथ्यापर्यंत दर कोसाला एक दगड उभा करायचे ठरले, आणि ते काम एका म्हाताऱ्या पाथरवटाकडे आले.

हा म्हातारा विक्षिप्त वाटावा इतका काटेकोर होता. कोस तो दोराने मोजी, जाताना एकदा आणि परतताना एकदा. पहाटे दव पडलेले असले तर दोर पिशवीतून बाहेरच काढत नसे, कारण ओला दोर आखडतो आणि कोस तेवढाच तोकडा भरतो. पुढचे गाव जितके कोस राहिले तितका आकडा तो दगडावर कोरी आणि आकड्याखाली तितकेच खळगे पाडी. ज्याला अक्षर येत नाही त्याला बोट तरी आहे, असे त्याचे म्हणणे. असे एकाहत्तर दगड त्याने उभे केले. लोक त्या दगडांवर इतके विसंबले की वाटेत कुणाला अंतर विचारायची सवयच मोडली. गाडीवान झोपेतून जागा झाला की आधी दगड बघायचा आणि मग बैलांकडे.

म्हाताऱ्याचा एक शिष्य होता, कोंडिबा. वय तिशीकडे झुकलेले, हात गुरूपेक्षाही सफाईदार, आणि मन भारी मऊ. पाथरवटाने मऊ मनाचे असू नये असे नाही, पण ते मन छिन्नीच्या टोकापर्यंत येऊ देऊ नये. हे मात्र त्याला कुणी सांगितले नव्हते.

बाहत्तरावा दगड घाटाच्या पायथ्याशी, नाक्याच्या तोंडाशीच बसवायचा होता. तिथून माथ्यावरचे गाव तीन कोस, सगळा उभा चढ आणि वाटेत पाण्याचा थेंब नाही. म्हाताऱ्याने गेरूने तीनचा आकडा आखून दिला, खाली तीन टिंबे दिली, आणि घाटातल्या पुढच्या दगडांसाठी खडक शोधायला तो वर निघून गेला. महिनाभराने परतेन म्हणाला.

कोंडिबा दगड घडवत बसला होता, पण त्याचे लक्ष वाटसरूंकडे होते. किती राहिले, असे लोक विचारत, तो तीन कोस म्हणून सांगे, आणि माणसे मटकन खाली बसत. एक बाई डोक्यावरचे गाठोडे उतरवून हमसून हमसून रडली, तेव्हा तर त्याने छिन्नी खाली ठेवली. बरेच जण तिथूनच मागे फिरून नदीकाठच्या जुन्या पायवाटेने जात. ती वाट एक दिवस लांबची, पण सावलीची आणि पाण्याची. तिला नाकाही नव्हता, आणि नाकेदाराचे दुखणे नेमके तेच होते.

नाकेदार एकदा कोंडिबाशेजारी येऊन बसला आणि मोठ्या प्रेमाने म्हणाला, “माणूस आधी आकड्यानं खचतो बघ. पाय मागनं खचतात. आकडा जरा कमी असता तर हीच माणसं हसत चढली असती.”

या बोलण्यात खोटे काही नव्हते, म्हणून तर ते घातक होते. कोंडिबाने दोन रात्री विचार केला. मागच्या दगडावर पायथ्याच्या वस्तीपर्यंतचेच अंतर होते आणि पुढे घाटात दगड अजून बसलेला नव्हता, तेव्हा ताळमेळ चुकण्याचाही प्रश्न नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याने गेरू पुसला, एकचा आकडा कोरला, खाली एकच खळगा पाडला आणि दगड उभा केला. आपण पुण्याचे काम केले याविषयी त्याच्या मनात तीळभर शंका नव्हती.

आणि खरोखरच माणसे हसत चढू लागली. एकच कोस राहिला म्हणताच म्हाताऱ्यांच्याही पायात बळ येई. वर पोचेपर्यंत त्यांचे तोंड कोरडे पडे, थोडी शिवीगाळ होई, मग ती विसरत, कारण पोचलेला माणूस वाटेवर फार दिवस रागावून राहत नाही. नदीकाठची वाट ओस पडली. नाकेदार कोंडिबाला रोज ताक पाठवू लागला.

मग वैशाख आला. एके दिवशी ऊन डोक्यावर आले असताना दूरच्या गावाचा सिदबा कुंभार आणि त्याची बायको ठकूबाई नाक्यावर आली. बरोबर एक गाढव, त्याच्या पाठीवर लेकीसाठी घेतलेली मडकी आणि बाळंतिणीचे सामान. लेक माथ्यावरच्या गावात दिलेली होती, आठ दिवसांपूर्वीच बाळंत झाली होती, आणि दोघेही या वाटेने प्रथमच येत होते. नाक्याच्या विहिरीवर त्या वेळी मोठी रांग होती. ठकूबाईने दगडावरच्या खळग्यात बोट घालून पाहिले, एकच आहे म्हणून ती हसली, आणि एवढ्याशा वाटेसाठी रांगेत कशाला ताटकळायचे असे नवऱ्याला म्हणाली. मडक्यात थोडे पाणी उरले होते. ओझे तेच वाहते आहे म्हणून ते तिने गाढवाला पाजले.

कोंडिबा दहा हातांवर बसून हे सगळे बघत होता. थांबा, तीन कोस आहेत, पाणी भरून घ्या, एवढे म्हणायला त्याला जीभ होती. पण चौकीच्या दारात नाकेदार उभा होता, आणि शिवाय आजवर सगळेच पोचले होते. ही दोघेही पोचतील असे त्याने स्वतःला समजावले. बांबू वर गेला, ती निघाली, आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा पाथरवट घाट उतरून आला. चढाच्या मध्यावर, आदल्या दिवशी दुपारी, त्याला सिदबा वाटेच्या कडेला बसलेला दिसला होता. मांडीवर बायकोचे डोके होते आणि ते डोके केव्हाच शांत झाले होते. म्हाताऱ्याजवळ पाणी होते, पण ते फक्त सिदबाच्या कामी आले. दोघांना लेकीच्या गावी पोचवून मग तो खाली आला होता. सिदबा सारखे एकच सांगत होता की दगडाने एक कोस म्हटले होते. त्याचा आवाज तक्रारीचा नव्हता. आपलेच मोजण्यात काही चुकले असावे, असा होता.

म्हाताऱ्याने हे सगळे दोन-चार वाक्यांत सांगितले. कोंडिबाने घण उचलला आणि दगडाकडे धाव घेतली. म्हाताऱ्याने त्याचा हात धरला, घण काढून घेतला आणि दगडाचा चेहरा दोन बोटे तासून त्यावर तीनचा आकडा कोरायला सांगितले. त्या रडणाऱ्या बाईपासून सगळे सांगत कोंडिबाने रडत रडत आकडा कोरला, रडत रडत तीन खळगे पाडले. आता तरी दगड खरा झाला, एवढाच काय तो त्याला आधार होता.

तो आधारही चार दिवस टिकला नाही. बातमी रस्त्याने दोन्ही बाजूंना गेली होती. लोक दगडासमोर उभे राहत, तीनचा आकडा वाचत आणि आपसात वाद घालत. एक म्हणे तीन म्हणजे सहा असणार, दुसरा म्हणे छे, एकच असेल, लोकांना भिववण्यासाठी वाढवून लिहिले आहे. मग कुणीतरी शंका काढली की हा खोटा तर मागचे तरी खरे कशावरून. महिना संपायच्या आत राजधानीपर्यंतच्या साऱ्या वाटेवर लोक पुन्हा एकमेकांना अंतर विचारू लागले. एकाहत्तर दगड, दोनदा मोजलेले, कोरड्या दोराने मोजलेले. एका माणसाचे अख्खे आयुष्य त्या रस्त्यावर उभे होते, आणि आता त्याला लोक बैल बांधत.

हे कळल्यावर म्हातारा एक दिवस जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने एक चमत्कारिक गोष्ट केली. कोंडिबाच्या छिन्न्यांची थैली त्याने उचलून आपल्या पेटीत टाकली, विहिरीवरून मोठी घागर भरली, सत्तरीच्या खांद्यावर घेतली आणि तो घाट चढू लागला. मध्यावरच्या वळणावर दिवसभर बसला, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजले, आणि दिवस मावळायच्या आत रिकामी घागर घेऊन खाली आला. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. कोंडिबाने घागर मागितली तर देईना. पायाला फोड आले, तरी थांबेना.

सहाव्या दिवशी कोंडिबाला ते बघवेना. त्याने म्हाताऱ्याचे पाय धरले आणि विचारले, “बाबा, शिक्षा मला करायची तर तुम्ही स्वतःला का करून घेता?”

म्हातारा घागर खाली ठेवून बसला. बराच वेळ त्याला दम लागत होता.

“ही शिक्षा नाही, कोंडिबा,” तो म्हणाला. “हे काम आहे, आणि हे आधीच करायला हवं होतं. ती बाई रडली तेव्हा तुझ्या पोटात तुटलं, ते खरंच तुटलं, त्यात खोट नाही. पण तेव्हा तू छिन्नी उचललीस. घागर उचलायची होतीस. आकडा कमी करायला तुला एक सकाळ लागली. तिच्याबरोबर पाणी घेऊन चढायचं तर रोजचा दिवस मोडला असता. तू स्वस्तातली दया केलीस. दगडानं फक्त खरं सांगायचं असतं. ते खरं ज्याला सोसत नाही, त्याच्यासाठी माणसानं उठायचं असतं. तू दोन कोसांची सूट दिलीस, पण डोंगर काही सूट देत नाही. ते दोन कोस जागेवरच होते. ठकूबाईला ते बिनपाण्याचे चालावे लागले.”

कोंडिबाने घागरीकडे बघत विचारले, “हे पाणी वाहून ते फिटेल का?”

“नाही,” म्हातारा म्हणाला.

“आणि दगडांवर लोकांचा विश्वास बसेल?”

“माझ्या हयातीत नाही. तुझ्याही बहुधा नाही.”

“मग वाहायचं कशाला?”

“उद्या वळणावर कुणाला तरी तहान लागेल म्हणून. त्याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही.”

दुसऱ्या दिवसापासून घागर कोंडिबाच्या खांद्यावर आली. म्हाताऱ्याने ती या वेळी दिली. छिन्न्यांची थैली मात्र त्याने परत दिली नाही आणि कोंडिबाने ती मागितली नाही.

उन्हाळा संपत आला असताना सिदबा कुंभार घाट उतरत आला. तेराव्यानंतरही लेकीने त्याला ठेवून घेतले होते. गाढव मोकळे होते. वळणावर तो थांबला, ओंजळ पुढे केली आणि पोटभर पाणी प्याला. नाका किती राहिला, असे त्याने विचारले.

“दीड कोस,” कोंडिबा म्हणाला. मग त्याला पुढचे बोलणे भाग होते. “मामा, खालचा तो एकचा आकडा माझ्या हातचा.”

सिदबाने त्याच्याकडे पाहिले. त्याने हात उगारला असता तर कोंडिबाला बरे वाटले असते. पण सिदबाने ओले हात धोतराला पुसले आणि तो एवढेच म्हणाला, “नात बघितली मी. एकट्यानं.”

तो गाढवाची दोरी धरून पुढे गेला. वीस-पंचवीस पावलांवर खालून एक गाडीवान येत होता. सिदबाने त्याला थांबवले आणि विचारले की बाबा, नाका किती लांब आहे. दीड कोस, असे गाडीवानाने सांगितले, तेव्हा कुठे सिदबाने मान हलवली आणि तो चालू लागला.

कोंडिबाने ते ऐकले. त्याने दिलेले पाणी सिदबाने घेतले होते, त्याने सांगितलेले अंतर घेतले नव्हते. ते तसेच व्हायचे आणि यापुढेही तसेच होत राहणार, हे त्याला त्या क्षणी कळले. गाडीवान वर येऊन पोचला होता आणि तहानलेला होता. कोंडिबाने घागर कलती केली.